नॅरोगेजचं जुनं वाफेचं इंजिन शेवटी गेलं कुठे? माग काढण्याची रीत

नॅरोगेजच्या एखाद्या जुन्या इंजिनाबद्दल विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "ते गेलं हो भंगारात." सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने इंजिन शेडमधून ओढून नेताना पाहिलेलं असतं आणि पुढचं तो गृहीत धरतो. पण ओढून नेलेलं इंजिन दुसऱ्या लायनीवर गेलेलं असू शकतं, कोळशाच्या खाणीला विकलेलं असू शकतं, एखाद्या कार्यालयासमोर चौथऱ्यावर उभं असू शकतं, परदेशातही असू शकतं. पुरावा हाती येईपर्यंत वहीत "भंगार" हा शब्द लिहायचा नाही, ही या कामातली पहिली अट.

प्रत्येक इंजिनाच्या अखेरीला तीन वेगवेगळ्या तारखा असतात. चालवणं बंद झालं ती पहिली. कागदोपत्री कंडेम झालं, म्हणजे निकामी ठरवलं गेलं, ती दुसरी. प्रत्यक्ष गॅसकटरने तोडलं, किंवा विकून हलवलं, ती तिसरी. या तिन्हींमध्ये कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं, आणि इंजिनं "हरवतात" ती दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मधल्या काळात. म्हणून वहीत तिन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. एखाद्या यादीत नुसतं "१९८३" लिहिलेलं दिसलं, तर ते साल या तिन्हींपैकी कशाचं, हे कळेपर्यंत ते कुठल्याच रकान्यात भरू नका.

सुरुवात लहान लायनीपासून करा

नवख्याने थेट सातपुड्याचं जाळं, म्हणजे जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचं नॅरोगेज, हातात घेऊ नये. इंजिनं पुष्कळ, बदल्या पुष्कळ, आणि कंपनीचे वारसदार चार: १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि २००३ पासून नागपूरचा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आला. एका इंजिनाचे कागद कोलकाता, बिलासपूर आणि नागपूर अशा तीन गावी असू शकतात.

माथेरानपासून सुरुवात करणं सोयीचं. नेरळ-माथेरान लायन १९०७ मध्ये सुरू झाली, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिलिमीटर किंवा दोन फूट. तिच्यासाठी बर्लिनच्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेलने बांधलेली मूळ इंजिनं फक्त चार, आणि ती ७३८ ते ७४१ या क्रमांकांनी ओळखली जातात. चौघांचा माग काढणं एका माणसाला सहज जमतं. त्यातलं ७४० इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड इथल्या छोट्या रेल्वेपर्यंत पोचलेलं आहे. नेरळच्या शेडमध्ये "ते तोडलं असेल" एवढ्यावर चौकशी थांबवली असती, तर हे कधीच कळलं नसतं.

माथेरानमध्येच नवख्याला हमखास गाठणारा एक फसवा पेच आहे. नेरळला ७९४ क्रमांकाचं एक वाफेचं इंजिन आहे आणि त्याचे फोटो "माथेरानचं जुनं इंजिन" म्हणून सगळीकडे फिरतात. ते दार्जिलिंगहून आणलेलं 'बी' वर्गाचं इंजिन आहे. गेज तेच, क्रमांकही ७३८-७४१ च्या आसपासचा, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून माणूस चकतो. चाकं मोजली की घोटाळा मिटतो. इंजिनाचे तीन आकडे म्हणजे पुढची लहान चाकं, मधली जोडलेली चाकं आणि मागची लहान चाकं. माथेरानची मूळ इंजिनं ०-६-० टँक, म्हणजे जोडलेली सहा चाकं आणि पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना. दार्जिलिंगचं 'बी' ०-४-०, चारच चाकं, आणि टाकी घोड्यावरच्या खोगिरासारखी बॉयलरवर बसवलेली. माथेरानच्या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस होते. घाटातल्या आवळ वळणावर टोकाच्या चाकांना त्यामुळे थोडं वळता यायचं. या रचनेला फ्रेम चाकांच्या बाहेर लागते, म्हणून बाजूने पाहताना चाकं फ्रेमच्या आड जातात आणि बाहेर दिसतात ते क्रँक.

नाव तीन प्रकारचं असतं

कामाला लागण्याआधी इंजिनाला किती ओळखी असू शकतात ते पक्कं करून घ्या. पहिली म्हणजे बांधणाऱ्या कारखान्याचा क्रमांक. तो जन्मभर बदलत नाही. दुसरी, मूळ रेल्वे कंपनीने दिलेला क्रमांक. तिसरी, १९५७ च्या सुमारास भारतीय रेल्वेने देशभरातल्या इंजिनांना नव्याने दिलेला क्रमांक.

दार्जिलिंगचं एक उदाहरण घ्या. शार्प स्टुअर्टने १८८९ मध्ये बांधलेलं इंजिन, कारखाना क्रमांक ३५१८. दार्जिलिंग हिमालयन रेल्वेने त्याला १९ हा क्रमांक दिला. देशव्यापी क्रमांकन आलं तेव्हा ते ७७८ झालं. १९६०च्या दशकात ते अमेरिकेत विकलं गेलं आणि पुढे दोन हजारच्या दशकात तिथून इंग्लंडला आलं. जुन्या यादीत "१९" पाहून कोणी भारतातल्या नोंदी चाळत बसला, तर नव्या क्रमांकनानंतरच्या कागदांत त्याला काहीच सापडणार नाही. त्याचा शेजारी ७७७ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. क्रमांकात एकाचा फरक, आणि दोघांमध्ये हजारो किलोमीटर.

वर्गाची अक्षरंही ओळखता आली पाहिजेत. भारतीय रेल्वेच्या पद्धतीत 'झेड' म्हणजे ७६२ मिलिमीटर, अडीच फुटी गेज. 'क्यू' म्हणजे ६१०. 'झेडबी' म्हणजे २-६-२, 'झेडई' म्हणजे २-८-२. हे वर्ग आहेत, एकेकट्या इंजिनाची नावं नव्हेत. एकाच वर्गाची इंजिनं वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळ्या दशकांत बांधली. 'झेडई' मँचेस्टरजवळच्या नॅस्मिथ विल्सनने बांधलं, तसंच जर्मनीच्या क्राउस-माफायने आणि जपानच्या कावासाकीनेही. "झेडई सापडलं" एवढ्या वाक्याने माग पुढे सरकत नाही.

शकुंतलेबद्दल, म्हणजे विदर्भातल्या नॅरोगेज गाडीबद्दल, ठिकठिकाणी छापून आलेलं वाक्य या नजरेने वाचून पाहा: १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं झेडडी इंजिन १९२३ पासून गाडी ओढत होतं आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं. वाचायला गोड आहे, पण माग काढणाऱ्याला त्यातून प्रश्नच मिळतात. झेडडी म्हणजे वर्ग, मग क्रमांक कुठला? मँचेस्टर म्हणजे पॅट्रिक्रॉफ्टचं नॅस्मिथ विल्सन की गॉर्टनचं बायर पीकॉक? मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून धुवावा लागतो, आणि मोठ्या दुरुस्तीला इंजिन महिनोन्‌महिने वर्कशॉपमध्ये असतं. दोन फाटे असलेली लायन सत्तर वर्षं एकाच इंजिनावर चालणं शक्य नाही. तेव्हा बाकीची कोणती, आणि १९९४ नंतर ती सगळी गेली कुठे, हा खरा शोध. बातमी खोडून काढायची म्हणून हे करायचं नाही. बातमीत न आलेल्या इंजिनांनाही त्यांची नोंद मिळाली पाहिजे, म्हणून करायचं.

इंजिनासमोर उभं राहिल्यावर

चौथऱ्यावरचं इंजिन सापडलं की पहिला नियम: रंगवलेल्या क्रमांकावर विश्वास नाही. दर काही वर्षांनी रंगकाम होतं, आणि जुना आकडा पुसट असेल तर रंगारी अंदाजाने गिरवतो. तिनाचा आठ होतो. शेजारचा माहितीफलकही बहुधा त्याच रंगावरून लिहिलेला असतो, म्हणून फलक आणि रंग जुळले तरी ते दोन पुरावे होत नाहीत, एकच होतो.

कारखान्याची पाटी धूरपेटीच्या किंवा केबिनच्या बाजूला असते. पितळी असल्याने ती बहुतेक ठिकाणी चोरीला गेलेली आहे. पण पाटी गेली तरी तिची जागा बोलते. तिरक्या उन्हात, सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी, पत्र्याकडे कडेने पाहा. जुन्या रंगाच्या थरांची कड उठून दिसते आणि स्क्रूची बुजवलेली भोकं बारीक खळग्यांसारखी जाणवतात. कडेचा आकार टिपून घ्या. नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९०३ मध्ये ग्लासगोच्या तीन कारखान्यांच्या विलीनीकरणातून झाली. तिच्या क्वीन्स पार्क कारखान्याची पाटी चौकटच्या पानासारखी असे, हाइड पार्कची गोल. चार भोकांचा चौकट आकार दिसला तरी शोध निम्म्यावर येतो. भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा. त्याच वर्गाच्या दुसऱ्या इंजिनावर पाटी शिल्लक असेल तर ताडून बघता येतं.

मग ठोकलेले आकडे. कारखान्यात सुट्या भागांवर पोलादी ठशाने आकडे उमटवत. कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड, व्हॉल्व्ह गिअरचे दांडे, सिलेंडरच्या झाकणाची कड, फ्रेमचं पुढचं टोक, आसाचं तोंड, एवढ्या जागा क्रमाने बघा. आकडे साधारण बोटाच्या पेराएवढे आणि काळ्या रंगाच्या थरांनी भरलेले. खरवडू नका. ती सरकारी मालमत्ता आहे, आणि खरवडताना उथळ ठसाच उडून जातो. ओल्या फडक्याने धूळ पुसा, टॉर्च पृष्ठभागाला जवळपास टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. सावली पडेल तिथे आकडा आहे. मग पतंगाचा पातळ कागद त्यावर चिकटपट्टीने ताणून लावा आणि सहा-बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. डोळ्याला न दिसलेला आकडा कागदावर पांढरा उमटतो. एकाच जागेचे दोन ठसे घ्या, दुसरा कागद थोडा तिरका लावून.

इथे चुका ठरलेल्या आहेत. दांड्यावरचा आकडा उलटा ठोकलेला असू शकतो, म्हणजे ६ आणि ९ ची अदलाबदल. जवळ १, ४ किंवा ७ असेल तर त्यावरून दिशा ठरवा. आकड्यालगतचं 'एल' किंवा 'आर' म्हणजे इंजिनाची डावी-उजवी बाजू. ते क्रमांकाचा भाग समजू नका. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे एकाच इंजिनावर तीन-चार वेगळे आकडे सापडतात. वर्कशॉपमध्ये एकाच वर्गाची चार इंजिनं एकाच वेळी उघडली की सुटे भाग एकमेकांत जातात, आणि बॉयलर तर सर्रास बदलले जात. त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. अशा वेळी कौल फ्रेमचा. फ्रेमवरचा आकडा म्हणजे इंजिन. बाकी आकडे म्हणजे ते कोणकोणत्या भावंडांबरोबर वर्कशॉपमध्ये होतं याचा पुरावा. ते सगळे लिहून ठेवा. तोडून टाकलेल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड जिवंत इंजिनावर सापडला, तर दोन्ही एका वेळी एकाच वर्कशॉपच्या हद्दीत होती हे तरी नक्की होतं.

आकडे काहीच मिळाले नाहीत तर मोजमापं घ्या. मीटरटेप पुरतो.

गेज: रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, रुळाच्या माथ्यापासून थोडं खाली. ६१० की ७६२ हे इथेच कळतं. रूळ सिमेंटमध्ये बुडवले असतील तर चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर घ्या. ते गेजपेक्षा काही सेंटिमीटर कमी भरतं.

चाकाचा व्यास: चाकाला टेप गुंडाळत बसू नका. आसाच्या मध्यापासून रुळाच्या माथ्यापर्यंत उंची घ्या आणि दुप्पट करा. दार्जिलिंगच्या 'बी' चा व्यास २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर. झिजलेल्या चाकाला याहून कमी भरेल.

स्ट्रोक, म्हणजे सिलेंडरमध्ये दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो ते अंतर: आसाच्या मध्यापासून क्रँकपिनच्या (दांडा जिथे अडकतो त्या खिळीच्या) मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्ट्रोक. 'बी' चा १४ इंच, म्हणजे हे अंतर साधारण १७८ मिलिमीटर. हे माप सोन्यासारखं जपा. सिलेंडर दुरुस्तीत पुन्हा कातला की त्याचा व्यास वाढतो, चाक झिजतं, चिमणी बदलते, केबिन नवं बसतं; स्ट्रोक मात्र बांधला त्या दिवशी होता तेवढाच राहतो.

जोडलेल्या चाकांच्या आसांमधली अंतरंही घ्या, समोरून मागे, प्रत्येक जोडीचं वेगळं.

फोटो काढताना दोन्ही बाजू काटकोनातून, पुढून, मागून, केबिनच्या आतून, आणि प्रत्येक ठशाचा शेजारी पट्टी ठेवून. काय नाहीसं झालंय तेही टिपा. शिटी, इंजेक्टर, बेअरिंगची पितळं, आतल्या भट्टीचं तांबं, या मौल्यवान धातूच्या वस्तू आधी जातात. भट्टीतलं तांबं काढून घेतलेलं इंजिन बहुधा तोडण्यासाठी निघालं होतं आणि मध्येच कोणीतरी वाचवलं. ही खूण कागद शोधताना उपयोगी पडते.

जपून. बॉयलरच्या पत्र्याखालचं पांढुरकं भुसभुशीत आवरण ॲस्बेस्टॉस असू शकतं. पत्रा उचकटू नका, हात लावू नका. पायऱ्या आणि फूटप्लेट गंजलेल्या असतात, वर चढू नका. भट्टीत गांधिलमाशीचं पोळं किंवा साप असणं नवलाचं नाही, आधी टॉर्च टाका, मग डोकं. शेड, यार्ड, वर्कशॉपच्या आवारात लेखी परवानगीशिवाय शिरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. एक साधं पत्र, कशासाठी यायचंय आणि किती वेळ लागेल हे स्पष्ट लिहिलेलं, हाती असलं की आतली माणसंही मोकळेपणाने बोलतात.

कागद कुठे आणि कसे मागायचे

आधी वारसदार ठरवा. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत आली. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि मध्य रेल्वेला जोडली. आता नीट लक्ष द्या: सोलापूर विभाग १९६६ मध्ये नव्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेकडे परत आला. म्हणजे बार्शी लाइटच्या इंजिनाचे मधल्या अकरा वर्षांतले कागद सिकंदराबादला निघू शकतात. मुंबईहून "नोंद उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर ते खरंही असेल. कागद दुसऱ्या घरी आहेत, एवढंच. शकुंतलेचं आणखी वेगळं. लायनीची मालकी खासगी कंपनीकडे होती आणि गाडी चालवायची रेल्वे, त्यामुळे पत्रव्यवहार दोन्हीकडे.

माहिती अधिकारात मागताना कोणत्या कागदाला काय म्हणतात ते माहीत हवं. इंजिनाचं हिस्ट्री कार्ड किंवा हिस्ट्री बुक, बॉयलरची नोंदवही, वर्कशॉपमधल्या पीओएचच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या संपूर्ण दुरुस्तीच्या तारखा, कंडेम करण्याचा प्रस्ताव आणि मंजुरी, भांडार विभागाची लिलावाची लॉट यादी, माल उचलल्याची डिलिव्हरी ऑर्डर. पहिले चार यांत्रिक विभागाकडे, शेवटचे दोन भांडार विभागाकडे. नवखा माणूस फक्त यांत्रिक विभागाला विचारतो आणि कंडेम झाल्याच्या तारखेवर अडकतो. इंजिन कोणी उचललं हे भांडार विभागाच्या कागदात असतं.

अर्ज ऑनलाइन केला तर शुल्क १० रुपये आणि मजकुराला ३,००० अक्षरांची मर्यादा. छायाप्रतीला पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. "इंजिनाचं काय झालं?" असा प्रश्न विचारू नका. कायद्याने तुम्हाला नोंद मिळते, स्पष्टीकरण नाही. मजकूर असा ठेवा:

"नॅरोगेज वाफेचे इंजिन क्रमांक अमुक, वर्ग अमुक, शेवटचे ज्ञात शेड अमुक, याबाबत पुढील नोंदींच्या प्रती मिळाव्यात: १) इंजिनाचे हिस्ट्री कार्ड, २) कंडेम करण्याच्या मंजुरीचे पत्र, ३) विल्हेवाटीसंबंधी भांडार विभागाची लॉट यादी व डिलिव्हरी ऑर्डर, ४) हे इंजिन अन्य शेड, विभाग, संस्था वा संग्रहालयाकडे हस्तांतरित झाले असल्यास त्याचे आदेश, ५) वरीलपैकी एखादी नोंद नष्ट केली असल्यास नष्ट केल्याच्या यादीतील संबंधित पानाची प्रत. माहिती अन्य प्राधिकरणाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज तिकडे वर्ग करावा."

पाचवा मुद्दा गाळू नका. जुने कागद मुदत संपली की नष्ट केले जातात, पण नष्ट केल्याची यादी वाचलेली असू शकते आणि तिच्यात फाइलचा विषय इंजिनाच्या क्रमांकासह दिसतो. फाइल जाडजूड असेल तर प्रती मागण्याऐवजी प्रत्यक्ष पाहणी मागा. पहिला तास मोफत असतो, आणि पानं उलटताना शेजारच्या इंजिनाचा कागदही डोळ्यांखालून जातो.

त्याआधीच्या काळासाठी मुंबईतलं महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. लायनीचं नाव इंग्रजांच्या वेळच्या स्पेलिंगनेही टाकून बघा, कुर्डुवाडीसाठी 'बारसी रोड' हे जुनं स्टेशननावसुद्धा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात हिंदुस्थानातल्या रेल्वेंचे वार्षिक अहवाल आहेत. परदेशात राहणारे मराठी वाचक तिथे जाऊन मोठी मदत करू शकतात.

या वार्षिक अहवालांत इंजिनांचे क्रमांक सहसा नसतात, पण वर्षअखेरीला लायनीवर किती इंजिनं होती तो आकडा असतो. तो वर्षामागून वर्ष एका ओळीत मांडा. एका वर्षी आकडा एकाने कमी झाला तर त्या वर्षी एक इंजिन गेलं. त्याच वर्षी दुसऱ्या, त्याच गेजच्या लायनीचा आकडा एकाने वाढला आणि तिथे नवी खरेदी नसेल, तर बदलीचा संशय घ्या. हा ताळेबंद कंटाळवाणा वाटतो, पण बंद पडलेला शोध पुन्हा सुरू होतो तो बहुधा इथूनच.

बांधणाऱ्यांचे कागद कारखाना बंद पडला तेव्हा कुठे गेले यावर अवलंबून. नॉर्थ ब्रिटिश १९६२ मध्ये बुडाली. तिचं दप्तर ग्लासगोत आहे. कर स्टुअर्ट १९३० मध्ये बंद पडली आणि तिचे नकाशे लीड्सच्या हन्सलेटकडे गेले. बार्शी लाइटची सुरुवातीची इंजिनं बांधणारी लीड्सची किटसन १९३८ मध्ये बंद झाली आणि तिचं काम रॉबर्ट स्टीफन्सन अँड हॉथॉर्न्सकडे गेलं. बंद पडलेल्या कंपनीऐवजी तिच्या वारसाच्या नावाने शोधा.

जुने फोटो

फोटोत क्रमांक दिसत असेल तर उत्तम, नाही तर काळ तरी ठरवता येतो. टाकीवर कंपनीची अक्षरं असतील तर बहुधा १९५१-५४ च्या आधीचा. देवनागरीत 'म.रे.' असेल तर नंतरचा. पुढचा दिवा तेलाचा की विजेचा, आणि बॉयलरवर वाफेचा छोटा जनरेटर आहे का, ते बघा. बार्शी लाइटचे जुने फोटो बघताना चाकं तीनदा मोजा. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ही लायन प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशा हिशेबाने उभी केली आणि १८९७ मध्ये ती सुरू झाली. त्यासाठी किटसनने दिलेली 'ए' वर्गाची इंजिनं ०-८-४ टँक, आणि नंतरची 'बी' वर्गाची ४-८-४ टँक. धूसर फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. फरक फक्त पुढच्या चार लहान चाकांचा, आणि ती नेमकी गवतात किंवा फलाटाच्या कडेआड गेलेली असतात.

माणसांना विचारताना

कुर्डुवाडी, मूर्तिजापूर, नागपूरचं मोतीबाग, नेरळ इथे निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी अजून आहेत. कागद नंतरही मिळतील, ही माणसं मिळणार नाहीत, म्हणून वेळापत्रकात त्यांना आधी घ्या. "कोणत्या साली?" असं विचारलं की माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून एखादं साल सांगतो. त्याऐवजी खुणेने विचारा. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते शेडमध्ये उभं होतं का? त्या वर्षीच्या आषाढीला पंढरपूरच्या जादा गाडीला कोणतं इंजिन होतं? थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी काका कोणत्या इंजिनावर ड्यूटी करत होते? किल्लारी म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख आपोआप मिळते.

क्रमांक आपण होऊन सुचवू नका. "सातशे चौऱ्याण्णव होतं ना?" म्हटलं की समोरचा हो म्हणतो. फोटोंचा गठ्ठा पुढे ठेवा आणि गप्प बसा. फिटरला क्रमांक आठवत नसेल, पण "हिच्या उजव्या सिलेंडरला तडा होता, पट्टी मारली होती" हे आठवतं, आणि ती पट्टी चौथऱ्यावरच्या इंजिनावर आजही दिसू शकते. कोणी नेलं याऐवजी कसं नेलं ते विचारा: रेल्वेच्या वाघिणीवर चढवून, की ट्रेलरवर, की जागेवर तुकडे करून. वाघिणीवर गेलं असेल तर ते दुसऱ्या शेडला किंवा वर्कशॉपला गेलं असण्याची शक्यता जास्त. तुकडे ट्रकमध्ये भरताना कोणी पाहिले असतील, तर "तोडलं" हा रकाना भरायला तुम्ही जवळ आलात.

वहीत लिहिताना

एका इंजिनाला एक ओळ: बांधणारा, कारखाना क्रमांक, वर्ष, चाकांची रचना, गेज, कंपनी क्रमांक, नंतरचा क्रमांक, शेवटचं शेड, शेवटी पाहिल्याची तारीख आणि कोणी पाहिलं, मग त्या तीन तारखा, आणि शेवटी पुराव्याचा दर्जा. दर्जासाठी चार अक्षरं पुरतात. 'अ' म्हणजे फ्रेमवरचा आकडा स्वतः पाहिला किंवा डिलिव्हरी ऑर्डर हाती आली. 'ब' म्हणजे त्या काळचा कागद किंवा तारखेसह फोटो. 'क' म्हणजे प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाची आठवण. 'ड' म्हणजे बातमी, फलक, दुसऱ्याची यादी. 'ड' दर्जाच्या दहा नोंदी एकमेकींशी जुळल्या तरी त्याचा 'ब' होत नाही, कारण त्या बहुतेक एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात.

माग तुटला तर ओळ रिकामी सोडू नका. "शेवटची नोंद: मूर्तिजापूर शेड, चालवणं बंद, पुढे अज्ञात" असं लिहा आणि कुठे कुठे विचारून झालं त्याच्या तारखा शेजारी टाका. पुढे ती ओळ हातात घेणाऱ्याचे काही महिने वाचतील, आणि कुठल्या भांडार विभागाला अजून पत्रच गेलेलं नाही हे त्याला पहिल्या दिवशी कळेल.